दुर्गाबाईच्या दारात बसलेला कुत्रा

गजेंद्र : मामाजी, तुमच्या भुरी कुत्रीले सोडा. हात जोडतो तुमाले. मैनाबाई सकाळी चारले मोहफुलं वेचाले गेली, आता एक वाजून राह्यला. सत्तर वर्साची बुढी, वरून शुगर. अजून पत्ता नाही.

प्रेमलाल : अन् तुहा हॉलंडवाला कुत्रासाहेब? विमानात बसून आलेला?

गजेंद्र : टोमणे नंतर मारा ना.

प्रेमलाल : दोन वर्साआधी ह्याच आंगणात बसून तू म्हनलं होतं, मामाजी, तुमच्या पिल्लायच्या रक्ताची गॅरंटी काय? भुरीचं पिल्लू उचललं अन् ठेवून देल्लं. ठेल्यावरचं सडकं टमाटर ठेवते ना मानूस, तसं.

गजेंद्र : चुकलो. बस? माहा आर्गो फेल आहे. बालाघाटहून त्याले घेऊन अकराले पोचलो. तीन बार वास दिला. तिन्ही बार सीधा दुर्गाबाईच्या दारात जाऊन बसला. बसला म्हणजे मिल गया, अशीच ट्रेनिंग आहे त्याची. आता अर्धं लामता गाव तिथं जमलं. म्हणतात, शेजारणीनंच बुढीचं काही केलं. तिच्या कोठीतलं धान उपसून पाह्यलं लोकाईनं.

दुर्गाबाई : काकाजी! मले आत घ्या. फाटक लावून घ्या.

प्रेमलाल : ये वो दुर्गा. बस. कोनी येत नाही आत, भुरी आहे फाटकाशी.

दुर्गाबाई : माह्या पोरीले म्हनून राह्यले, तुही माय खुनी आहे.

गजेंद्र : मामाजी, टाइम नहीं है!

प्रेमलाल : थांब. कशाचा वास देल्ला कुत्र्याले?

गजेंद्र : लुगड्याचा. तिच्या पोरानं दिलं, राकेशनं. दोरीवरून काढून.

प्रेमलाल : दोरीवरचं? म्हंजे धुतलेलं?

गजेंद्र : नाही, घामाचा वास होता. मी खुद हुंगलं.

प्रेमलाल : मैनाबाई घामाचं लुगडं दोरीवर टाकते? तिच्या आंगणात पाय धुवून जाव लागते गा. दुर्गा, इकडं पाह्य माह्याकडं. कोन नेसलं होतं ते?

दुर्गाबाई : मले काय माहीत.

प्रेमलाल : कुत्रा खोटं नाही बोलत बाई. त्याले जे देल्लं, तेच त्यानं शोधलं. तीन बार.

दुर्गाबाई : मी. भरवेलीले लग्न होतं. मले धड लुगडं नव्हतं. तिचं हिरवं उचललं, न विचारता. दोन दिवस नेसली. आज पहाटे ती गेली तवा परत टाकलं. म्हनलं, सांजी सांगून देईन. मंग कुत्रा आला, लोक आले. तोंडच नाही उघडलं.

गजेंद्र : दोन घंटे! बाई, दोन घंटे गेले!

दुर्गाबाई : चोर म्हनतीन असं वाटलं, भाऊ.

गजेंद्र : बरं, जाऊ द्या. मामाजी, भुरीले घेतो. नवीन वास देतो अन्...

प्रेमलाल : भुरी नाही येत.

गजेंद्र : अजून राग? बुढी मरून राह्यली तिकडं!

प्रेमलाल : राग नाही गा. नाक गेलं तिचं. दिवाळीपासून. समोर भाकर ठेवली तर तोंडानं चाचपते. कोनाले नाही सांगतलं मी. लोक अजून दुरून येतात, भुरीचं पिल्लू द्या म्हनून.

गजेंद्र : मामाजी...

प्रेमलाल : तुहा कुत्रा बराबर आहे. त्यालेच ने. दुर्गा, बुढीची अशी कोनती वस्तू आहे, जिले दुसरं कोनी हात नाही लावत?

दुर्गाबाई : रातीले दुखऱ्या गुडघ्याले बांधते ते फडकं. बाहेर जाताना सोडते, उशीखाली ठेवते. ते कोन बांधीन दुसरं?

प्रेमलाल : हातानं नको उचलू. चिमट्यानं उचल, नव्या प्लास्टिकच्या पन्नीत टाक. अन् गजेंद्र, मोहाखाली लोकाईनं पाला जाळला असन. राखेत निखारे राह्यतात, पंजे भाजतीन. राख दिसली का उचलून घेजो त्याले. पलीकडं गेल्यावर सोडजो. चाल, मी बी येतो.

(नाल्यापलीकडे, मोहाच्या रानात. तासाभरानं.)

गजेंद्र : बसला! मामाजी, बसला!

दुर्गाबाई : इथं तर काही नाही. निस्ती पळसाची झुडपं.

प्रेमलाल : झुडपात वाक. अजून आत.

दुर्गाबाई : टोपली आहे... आत्या! मैनाआत्या! काकाजी, डोळे उघडले! पाह्यते माह्याकडं!

गजेंद्र : हलवू नका. पाय मोडला वाटते. बोलते का? गिळते का? हौ, मग माह्या खिशातली साखर ठेवा जिभेवर, उपाशी राहून शुगर उतरली असन. थोडी थोडी.

दुर्गाबाई : आत्या, तुमचं हिरवं लुगडं मी...

गजेंद्र : ते नंतर, बाई.

प्रेमलाल : सांगू दे तिले.

गजेंद्र : इथं गाडी येत नाही, मले उचलाव लागन हिले, रोडपर्यंत. पण आर्गो... त्याची जीभ पाहा, केवढी बाहेर आली. त्याले कोण धरन? परक्याच्या हातात राहत नाही तो.

प्रेमलाल : पट्टा दे इकडं.

गजेंद्र : चावन, मामाजी.

प्रेमलाल : तू बुढीले घे. चाल रे बेटा. नाल्यात डबकं आहे सावलीचं. चाल, हळू चाल, मले बी तहान लागली.