साडूच्या गाडीत दिवा पेटत न्हाई

चहा घेऊन राहिलोत म्हणून सांगतो, न्हाईतर हे मी कोणाला सांगत नसतो. मी आन् माझ्या साडूनं एकाच महिन्यात एकसारखीच जुनी गाडी घेतली. माझ्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा पेटायचा. वसमतचा मिस्त्री कॉम्प्युटर लावून तो इझवायचा, पण शिरड शहापूर येईपर्यंत दिवा परत हजर! साडूला इचारलं की म्हणायचा, "आमच्यात न्हाई बुवा पेटत." माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

परवा डोंगरकड्याला जाताना त्याच्या गाडीत बसलो. मीटरच्या काचेवर एक काळी टिकली चिकटवलेली दिसली.

"ही काहून लावली?"

"गाडीला नजर लागली होती. दिवा पेटला, तसी बायकोनं त्याच्यावरच टिकली लावली. तवापासून काही तकलीफ न्हाई."

मी नखानं टिकली उचकटली. खाली दिवा लखलखीत पेटलेला! लई दिवसांनी माझं काळीज थंड झालं.

साडूनं करकचून ब्रेक मारला.

"पाहा! पयल्यांदा तुमी गाडी पाहून गेले तवा पेटला होता, आन् आज तुमी आत बसले की परत पेटला!"