सहा हजारांवर गाणारं इंजिन आणि आईची कंबर

…अहो, आवाजाचंच तर सगळं झालं! नाहीतर माझ्यासारखा माणूस, ज्यानं घरातला मिक्सरसुद्धा कधी दोन नंबरच्या पुढे नेला नाही, तो कशाला असल्या गाडीच्या नादी लागतोय? चूक माझीच आहे. पण ऐकून तर घ्या!

दोन गाड्या होत्या. शोरूममध्ये शेजारीशेजारी. ताकद कागदावर दोघींची सारखीच. पहिली टर्बोवाली. तुम्हाला सांगतो, इतकी शहाणी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. नुसता पाय टेकवा, निघाली! कितीही हळू जात असा, 'हो साहेब, आले साहेब', धक्का नाही, कुरकुर नाही, खड्डा कधी आला कधी गेला पत्ता नाही. पण चेहऱ्यावर भाव म्हणून नाही हो! इंजिन आहे का बँकेतला साहेब? आणि वर तो सेल्समन एक बटण दाबतो आणि छाती फुगवून सांगतो, 'सर, स्पोर्ट मोडला इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो!' स्पीकरमधून! म्हणजे गाडी मी चालवायची आणि गुरगुरायचं टेपनं! मी म्हटलं, छे, असला खोटेपणा आपल्याला नाही चालायचा.

दुसरी नाठाळ. टर्बो नाही, काही नाही. क्लच असा की गुडघा बोलायला लागावा. इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या खाली असले की रुसून बसलेली… दाबा, विनवण्या करा, ढिम्म! पण बायपासवर चालवून बघताना तो सेल्समन कानाशी लागला, 'सर, सोडू नका, धरून ठेवा…' आणि काटा पाच हजारांवर… साडेपाच… आणि सहा हजारांना, अहो, ते इंजिन गायला लागलं! खरं! स्वतःच्या गळ्यानं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सेल्समन म्हणाला, 'सर, कॅरेक्टर आहे इंजिनाला.' मी म्हटलं, आहे ना, दिसतंय ना!

आता घरी सांगायचं कसं? कारण गाडी घ्यायची ठरली होती ती आईसाठी. आईच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, दर आठवड्याला फिजिओथेरपीला न्यायचं, म्हणून जरा ऐसपैस गाडी बघा, असं ठरून मी घराबाहेर पडलो होतो. आणि मी पसंत केली ती जमिनीपासून वीतभर! बायको म्हणाली, "आई बसतील ना त्यात? एकदा बसवून बघा त्यांना." मी बसवलं की! शोरूममध्ये, उभ्या गाडीत! आता मला सांगा, उभ्या गाडीत कुणाची कंबर दुखते? मी विचारलं, "आई, कसं वाटतंय गं?" आईनं गाडीकडे बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हणाली, "छान आहे हो." मी लगेच बायकोला फोन, "आईनं पसंत केलीय!" चूक माझीच आहे. पण ऐकून तर घ्या!

गाडी आली. आणि तुम्हाला सांगतो, सहा हजार सोडा, आमच्या रस्त्यावर काटा दोन हजारांवर गेला तर मी पेढे वाटीन! घर ते ऑफिस, पहिला गियर, दुसरा गियर, सिग्नल, पुन्हा पहिला. ते इंजिन बिचारं आत आ वासून बसलेलं, आता गाऊ का, आता गाऊ का… आणि मी म्हणतोय, थांब बाबा, पुढे पाण्याचा टँकर आहे! आणि ती शहाणी गाडी, तीच, दुसऱ्या कुणाची तरी, शेजारून सुळकन निघून जाते. आतला माणूस एका हातानं चहा पितोय!

आणि आई. अहो, तिला आत बसवायचं म्हणजे खाली सोडायचं आणि बाहेर काढायचं म्हणजे विहिरीतून घागर ओढायची. स्पीडब्रेकर आला की शेजारून बारीक आवाज, "आई गं…" पंच्याहत्तरी उलटलेली बाई आपल्या आईला हाका मारतेय! मी विचारायचो, "दुखतंय का?" "छे रे, देवाचं नाव घेतलं." एकदा पुलावर रस्ता मोकळा मिळाला. म्हटलं, आज ऐकवूच तिला. धरलं दाबून. सहा हजार! गायलं हो इंजिन! मी उड्या मारायच्या बेतात, "आई, ऐकलंस?" आईनं डोळे गच्च मिटलेले. म्हणाली, "छान म्हणतं रे. झालं का त्याचं?"

मग तो दिवस उजाडला. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टर तिला पडद्याआड तपासत होत्या, मी अलीकडे खुर्चीवर. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, कंबर पुन्हा एवढी कशी धरली? काय केलंत?" मला वाटलं, संपलं. आता गाडीचं नाव निघणार. तर आई म्हणते कशी, "काही नाही हो, बादली उचलली पाण्याची." झालं! डॉक्टर जी सुरू झाल्या… "आजी, किती वेळा सांगितलं? लहान आहात का तुम्ही?" आणि माझी आई, अख्ख्या वर्षात बादलीला बोट न लावलेली, बारीक आवाजात म्हणतेय, "चुकलं हो, परत नाही उचलणार." मग डॉक्टरांनी पडदा सारला आणि मला विचारलं, "घरात बादली उचलायला दुसरं कुणी नाही का?" काय सांगू? म्हटलं, "आहे… म्हणजे, मी आहे…" त्या खोलीत मला इतकी लाज वाटली, तुम्हाला सांगतो, भुईनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आवाज खोटा म्हणून मी ती गाडी नाकारली. आणि ह्या खऱ्या आवाजापायी माझी आई डॉक्टरांशी खोटं बोलतेय!

त्याच आठवड्यात गाडी देऊन टाकली. शहाणी आणली. आईला विचारलं नाही, म्हटलं गंमत करू! फिजिओथेरपीला नेलं तर मागच्या सीटवर ती चक्क झोपली. मी आरशात बघतोय आणि माझं मलाच बरं वाटतंय. सुटलो! फिटलं पाप!

पाप असं फिटतं होय?

पहिल्या संध्याकाळी ऑफिसातून आलो, दार बंद. किल्ली लावून आत गेलो तर आई खुर्चीत दचकली, "अगंबाई! कधी आलास?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि चेहरा उतरलेला. मी बायकोला म्हटलं, "आईला नवी गाडी आवडली नाही का?" तर बायको म्हणाली, "अहो, तुमची ती गाडी कोपऱ्यावर वळली की आवाज यायचा. तेव्हा आई खुर्चीतून उठायला लागायच्या. तुम्ही गाडी लावून जिना चढेपर्यंत त्या दाराशी पोचायच्या. बरोब्बर पुरायचं त्यांना. आता ऐकूच येत नाही तुम्ही आलेले."

आणि मी गाढव समजत होतो, आई असतेच आपली दारात!

मग काय करतो? ते स्पीकरचं बटण दाबून बघितलं, तो आवाज फक्त आतल्या माणसाला! हॉर्न वाजवला, तर तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खिडकीतून, "शाळा भरली का?" शेवटी आता मी खाली गाडी लावतो, जिना चढतो, बेल वाजवतो आणि थांबतो. खिशात किल्ली असते. आत खुर्ची करकरते, मग भिंतीला हात लागल्याचा आवाज, मग चपला… मी ऐकत उभा. सहा हजारांचं गाणं काय घेऊन बसलात! दार उघडतं. आई विचारते, "किल्ली?" मी म्हणतो, "विसरलो गं."

रोज तेच सांगतो. चूक माझीच आहे, काय करू?

आणि काल आई, तुम्हाला सांगतो, पाठीवर हात ठेवून काळजीनं म्हणाली, "रोज कसा रे विसरतोस? ती गाडी होती तोवर एकदा तरी विसरला होतास का? ही काही तुला लाभली नाही बघ. जा, तीच परत घेऊन ये!"