सुटलेली वायर

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांचं आयुष्य बारीकसारीक खरखर ऐकण्यात गेलेलं. तेव्हा सुट्या भागांच्या दुकानापुढच्या रांगेत, पुढे उभ्या असलेल्या दोन कॉलेजकन्यांची कुजबुज त्यांच्या कानांतून कशी सुटावी?

"काय म्हणते तुझी नवी पार्टनर?" चष्मेवालीने विचारलं.

"काय म्हणणार? परवा प्रॅक्टिकलला आमचाच दिवा पहिला लागला," उंच मुलगी म्हणाली.

"हो, सरांनी सगळा वर्ग गोळा केला ना बघायला! दोन वर्षं मी तुझ्या वायरी सोलल्या, तेव्हा कुणी फिरकलं नाही."

"जळतेस?"

"मी कशाला जळू?"

"मग मधल्या सुट्टीत आमच्या अँड गेटची वायर कुणी उपटली?"

"कसली वायर?"

"दोन्ही वायरींवर 'एक' आला, म्हणजे वीज आली, तरच अँड गेटचा दिवा लागतो. एक काढली की विझेल, असं वाटलं ना तुला?"

"विझायलाच हवा होता! मी चांगली ओढून..."

"बोल, बोल."

"पण मग विझला का नाही?"

"आपल्या चिपचा पाय वायरीविना मोकळा राहिला, तर तिथे 'एक' आहे असंच धरलं जातं. 'शून्य' हवा तर वायर नुसती काढून चालत नाही, ग्राउंडला लावायची. पहिल्या वर्षी तूच शिकवलंस मला."

मागे काकांची मान नकळत डोलली.

"मग झालं काय एवढं? दिवा लागला ना तुमचा!"

"नंतर सरांना सुटलेली वायर दिसली. बोलणी माझ्या पार्टनरने खाल्ली. इतकी रडली, की मी सोडायला गेले तिला."

"कुठपर्यंत?"

"घरापर्यंत."

"घरापर्यंत? माझ्यासोबत कधी फाटकापर्यंत तरी आलीस?"