कोरडा पाय, ओला पाय

मी मूळची मिरजेची, वडील एका डॉक्टरांकडं कंपाउंडर, त्यामुळं दुखण्याला आमच्या घरी शब्दांची कमी कधी नव्हती, ठणका म्हणा, चमक म्हणा, कळ म्हणा, पेशंट जे बोलायचे ते वडील जेवताना सांगायचे आणि आम्ही बहिणी ऐकायचो. आणि शब्द न सापडायची पाळी यावी ती माझ्यावरच, काय सांगू तुम्हाला.

लग्न होऊन इकडं जर्मनीत वाल्डॉर्फला आले, हे सॉफ्टवेअरमध्ये, मी इथल्या एका बालवाडीच्या, किटा म्हणतात इथं, तिच्या स्वयंपाकघरात काम करते. मागच्या हिवाळ्यात भांडी पुसता पुसता डावा पाय ओला झाल्यासारखा वाटला. मोजा काढून बघितला तर कोरडा ठणठणीत. परत ओला, परत कोरडा. मग बरगड्यांखाली कुणीतरी पट्टा आवळतंय असं सुरू झालं. दुखत नाही हो! दुखलं असतं तर सांगितलं नसतं का? दुखत नाही, खाजत नाही, बधिर म्हणावं तर तेही नाही.

डॉक्टर विचारायचे श्मेर्त्सन? दुखतंय का? मी म्हणायची नाइन, नाही, मग ते म्हणायचे श्ट्रेस, विश्रांती घ्या. गाडीत हे चिडायचे, अगं नीट सांग ना, मी ट्रान्सलेट तरी काय करू? मी म्हटलं, अहो, मराठीतच नाही ते तुम्ही जर्मनमध्ये कुठून आणणार? आईला फोन केला, ती म्हणाली वात असेल, ओव्यानं शेक. लेक ईरा, ती जर्मनच बोलते, क्रिबेल्ट एस? मुंग्या येतात का म्हणे. नाही गं बाई! जो तो आपला शब्द पुढं करायचा आणि मी नाही नाही म्हणत बसायची, शेवटी यांना वाटायला लागलं की हिला काही झालेलंच नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी परत श्ट्रेस म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. उठले, गळ्यातला स्कार्फ काढला, यांच्या छातीखाली गुंडाळला आणि दोन्ही हातांनी आवळला. हे ओरडले, अगं सोड, श्वास घेता येईना! मी म्हटलं, हे सांगा त्यांना. दिवसभर असंच, झोपेतसुद्धा. आणि पाय कोरडा असून ओला, तेही सांगा. यांनी सांगितलं, स्कार्फ तसाच अंगावर. डॉक्टर टाइप करायचे थांबले, टाचणी घेऊन माझे पाय तपासले आणि सरळ हॉस्पिटलला पाठवलं. मणक्यातल्या नसेला सूज होती. आणखी थांबला असतात तर चालणं गेलं असतं, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

औषधानं पट्टा सैल झाला, गेला नाही. कामावर अर्धा दिवस जाते. आता उजव्या हाताला काहीतरी होतंय, गरम नाही, गार नाही, आणि हे जवळ बसून म्हणतात, सांगू नकोस, दाखव. अहो, हे दाखवताही येत नाही! मग बसतो दोघं नुसतेच, चहा गार होतो. तुम्हाला एवढंच म्हणते, कधी काही दुखलं तर खुशाल ओरडा, आणि नुसत्या दुखण्यावर भागलं तर देवाला हात जोडा.