मध्ये काय वाजतं, तेही लिहा

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी पुढे यावं. सतरंजीवर जागा आहे. अण्णांच्या शोकसभेला सोसायटीच्या या हॉलमध्ये एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. काशीगावातले अण्णांचे शेजारी आलेत. छापखान्यातले जुने सोबती आलेत. नया नगरचे इक्बालभाई आपला सायबर कॅफे बंद ठेवून आलेत. आणि आमच्या गटातली माणसं आलीत, पुण्याहून, नाशिकहून, एक जण तर थेट बडोद्याहून. दोन वर्षं आम्ही एकमेकांना पत्रं लिहितोय आणि आज पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघतोय. मघाशी दारात एक गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हीच शोभाताई? मला वाटलं, चांगल्या उंच असाल." अण्णांना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते.

मला बोलायला सांगितलंय. मी फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर बोलायचाच पगार घेते. पण असं सगळ्यांसमोर उभं राहून बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

आणि एक गोष्ट आधीच सांगते. अण्णांना दिलेला एक शब्द आज मी मोडणार आहे. समोर सुलभाताई बसल्यात, अण्णांच्या पत्नी. त्यांना काल विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग बाई. आता कोणापासून लपवायचं?"

तर सांगते.

शेजाऱ्यांना आमचा गट म्हणजे काय ते माहीत नसेल. आम्ही जुन्या गाण्यांची वेडी माणसं. कॉम्प्युटरवरून एकाने पत्र टाकलं की ते सगळ्यांना मिळतं. दर रविवारी प्रत्येकाने एक गाणं द्यायचं. देणार कसं? तर लिहून. शब्द लिहायचे आणि हे गाणं आपण पहिल्यांदा कुठे ऐकलं ते लिहायचं. कोणी शेजारच्या रेडिओवर ऐकलेलं, कोणी लग्नाच्या मांडवात. गाणं ऐकवायची सोय नव्हती. आवाज मागवायला बसलं की मॉडेम कुरकुरत बसायचा आणि अर्ध्यात लाइन तुटायची. म्हणून गाण्यांचा गट, पण आवाजाचा पत्ता नाही, असा सगळा मामला. गट सांभाळायचं काम माझ्याकडे. म्हणजे दादागिरी माझी.

अण्णा आले आणि पहिल्याच पत्रात त्यांनी एकाला विचारलं, "शब्द छान लिहिलेत. पण दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजतं, तेही लिहा."

आम्ही काय हसलो! मी तर जाहीर लिहिलं, "अण्णा, मध्ये टॅण टॅण टॅण वाजतं." त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "टॅण किती वेळा? आणि दुसऱ्यांदा वाजतं तेव्हा वर जातं की खाली येतं?"

गंमत म्हणून एकाने लिहून पाहिलं. मग दुसऱ्याने. मग आम्हाला नादच लागला. इथे बासरी येते. मग व्हायोलिनं जिना चढतात. वरती जाऊन क्षणभर थांबतात, आणि मग तबला त्यांना हात धरून खाली आणतो. असं लिहायला लागलो आम्ही! वर्षानुवर्षं ऐकलेली गाणी, पण मध्ये काय वाजतं ते कधी नीट ऐकलं होतं? लिहायचं म्हणून ऐकायला लागलो. आणि चुकलं की अण्णांचं पत्र हजर. "बासरी नाही. क्लॅरोनेट आहे. पुन्हा ऐका." मी कॅसेट लावायची, कान देऊन ऐकायची. क्लॅरोनेटच असायचं. दर वेळी!

तरी मला या माणसाचा राग यायचा. खरं सांगते. आम्ही दोघंही मीरा रोड परिसरातले, मी नया नगरच्या अलीकडे, ते काशीगावात. मी लिहिलं, फोन नंबर द्या, बोलू. उत्तर आलं, "फोन नको, पत्र लिहा." मी म्हटलं, भेटा. "भेटू कधीतरी." माझ्याशी बोलायला लोक रांगेत थांबतात हो, आणि हे म्हणतात फोन नको! मग एका रविवारी इक्बालभाईंच्या कॅफेत गेले. त्यांनी खुणेने दाखवलं, ते बघा तुमचे अण्णा. पांढरा शर्ट, पाठमोरे, टाइप करत बसलेले. मी हाक मारली, "अण्णा!" वळले नाहीत. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. अख्खा कॅफे वळला. अण्णा नाही वळले. मी तणतणत बाहेर पडले. तीन आठवडे त्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

पुढचं सांगायला जड जातंय. पण त्यासाठीच उभी आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या गटातल्या एकाने कॅसेटवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची युक्ती शोधली. छोट्या फायली व्हायच्या, थोडी खरखर असायची, पण गाणं यायचं! मी लगेच जाहीर केलं, दिवाळीपासून लिहिणं बंद. आता गाणंच पाठवायचं. सगळे खूश. एकटे अण्णा म्हणाले, नको. दोन पानी पत्र लिहिलं. गाणं पाठवू नका, लिहा. लिहिल्याशिवाय ते आपलं होत नाही. असं बरंच काही.

आणि मी काय उत्तर दिलं? गटातल्यांना आठवत असेल. सगळ्यांनी वाचलंय. मी लिहिलं, "अण्णा, आधी एकदा कान उघडून ऐका, मग बोला. का तुम्हाला गाणं ऐकायचंच नाहीये?"

त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. "नाही मॅडम. मला ऐकायचं नाहीये. वाचायचंय."

मला तो उर्मटपणा वाटला. तुमच्यातल्या तिघा-चौघांनी मला शाबासकीही दिली होती, बरं केलंत म्हणून. आठवतंय ना? मान खाली घालू नका. तुम्हाला काय माहीत होतं? मलाही नव्हतं.

अण्णांची पत्रं बंद झाली. गाणी यायला लागली, भराभर. आणि पत्रं कशी झाली? "मस्त." "छान." "वा." बस. दोन महिने असंच चाललं. कोणी लिहीना की हे गाणं लागलं तेव्हा आई चुलीपाशी होती. व्हायोलिनं जिना चढेनात. मला करमेना. पण मी कशाला कबूल करतेय?

मग एक दिवस इक्बालभाईंकडे गेले आणि सहज विचारलं, "अण्णा नहीं आते आजकल?"

इक्बालभाई म्हणाले, "आते हैं मॅडम. पुरानी चिट्ठियाँ खोल के पढ़ते हैं, चले जाते हैं."

मी म्हटलं, "बोलते नहीं कुछ?"

तर इक्बालभाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाले, "बोलेंगे क्या? उनको सुनाई कहाँ देता है. मैं तो पहले दिन से पर्ची पे लिख के बात करता हूँ. आपको मालूम नहीं?"

मला मालूम नव्हतं मंडळी. आवाज ओळखणं हा माझा धंदा. नुसत्या "हॅलो"वरून मी सांगते साहेब चिडलेत की जेवलेत. आणि मला मालूम नव्हतं. छापखान्यात आयुष्य काढलं त्यांनी, त्या धडधडणाऱ्या मशीनींपाशी. आधी एक कान गेला, मग दुसरा. गिरगावातली खोली सोडून इकडे राहायला आले त्याच वर्षी उरलंसुरलं गेलं, आणि स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून बोलणंही सोडलं. नऊ-दहा वर्षं झाली. दोन हजार साल आता तोंडावर आलंय, आणि या माणसाने नव्वद सालानंतरचा एकही आवाज ऐकला नव्हता.

मी तशीच रिक्षात बसले आणि काशीगावात गेले. सुलभाताईंनी दार उघडलं. आत अण्णा खुर्चीत, समोर टेपरेकॉर्डर चालू, आणि त्यांचा पंजा त्या डब्यावर पालथा ठेवलेला. हातानं ठेका घेत होते. मला पाहिलं आणि उठले. मी काही सांगायच्या आत वही पुढे केली. मी नाव लिहिलं आणि खाली, "माफ करा." त्यांनी ते वाचलं, माफीवर काट मारली आणि खाली लिहिलं, "चहा घेणार?"

मग आम्ही वहीत खूप बोललो. मी विचारलं, गटात सांगितलं का नाहीत? त्यांनी जे लिहिलं ते मला पाठ आहे. "बाहेर मी बहिरा. तुमच्या गटात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळे माझ्यासारखेच. वर्षभर मी चारचौघांत बसलो. आता कोणाला सांगू नका. कळलं की सगळे मला सांभाळून लिहितील."

आणि मध्ये काय वाजतं, ते का विचारायचे? त्यांनी लिहिलं, "आठवणीतला आवाज विरत चाललाय. शब्द राहतात, मधलं आधी जातं. तुम्ही लिहिता तेव्हा पुन्हा वाजतं."

त्या रात्री मी गटाला कळवलं, यापुढे लिहिल्याशिवाय गाणं पाठवायचं नाही. मधल्या वाजण्यासकट लिहायचं. तुम्ही माझ्यावर तुटून पडलात. मॅडमचा काय भरवसा नाही, सकाळी एक, संध्याकाळी एक. दोघं तर गट सोडून गेले. मला कारण सांगता येत नव्हतं. ते कारण आज सांगितलं. आणि त्या दिवशी अण्णांचा अपमान मी सगळ्यांसमोर केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. अण्णा, माझं चुकलं. मी कान उघडून ऐकलं नाही.

एक मिनिट. पाणी द्या जरा.

अजून एकच सांगायचंय. महिन्याभरापूर्वी त्यांच्याकडे गेले होते. सुलभाताई चहा टाकायला आत गेल्या. तेवढ्यात अण्णांनी वही माझ्याकडे सरकवली. लिहिलं होतं, "तुम्ही आवाजाच्या जाणकार. हिचा आवाज आता कसा झालाय, ते लिहून द्याल?"

मी कधी एवढी घाबरले नाही. आत जाऊन सुलभाताईंना म्हटलं, काहीतरी बोला, मला ऐकायचंय. त्या म्हणाल्या, "काय बोलू? घरात बोलायची सवयच गेली बघ. खांद्यावर हात ठेवते, झालं." मी म्हटलं, पूर्वी हाक मारायचात तशी मारा. त्या लाजल्या. साठीच्या बाई, पण अशा लाजल्या! मग बाहेर येऊन अण्णांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो."

दहा वर्षांनी. अण्णा त्यांच्या ओठांकडे बघत होते. आणि चटकन म्हणाले, "ओ." तोंडाने! मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग मी वहीत लिहिलं, जमेल तसं. आवाज बारीक आहे, पण पातळ नाही. सुरुवात दबकत होते. "अ" जवळजवळ ऐकूच येत नाही. "हो" मात्र वर जातो आणि तिथे जरा थरथरतो. बहुतेक वयामुळे.

अण्णांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचलं. आणि शेवटच्या वाक्यावर काट मारून लिहिलं, "वयामुळे नाही. लग्न झालं तेव्हापासून थरथरतो. पुन्हा ऐका."

मी पुन्हा ऐकलं मंडळी. नेहमीप्रमाणे त्यांचंच बरोबर होतं.

त्यानंतर रोज सकाळी सुलभाताई हाक मारायच्या आणि ते ओ द्यायचे. शेवटच्या दिवशीही दिली, असं त्या सांगतात.

आता अशा सभेत दोन मिनिटं शांतता पाळतात. अण्णांनी ती दहा वर्षं पाळली. म्हणून आज जरा वेगळं करूया. हा इथे टेबलावर त्यांचा टेपरेकॉर्डर आहे. आत त्यांची आवडती कॅसेट. या बाजूचं शेवटचं गाणं तेच आहे जे आपण गटात सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं, एकेकाने एकेक तुकडा. आवाजाचं बटण मी पूर्ण खाली केलंय. काही ऐकू येणार नाही. चाकं फिरताना दिसतील. ज्याला जे आठवेल ते त्याने मनात वाजवावं. शब्द आले नाहीत तरी चालतील. मधलं मात्र सोडू नका.

गाणं संपलं की बाजू संपते आणि बटण खटकन वर येतं. अण्णांना तो खटका बोटाला कळायचा. तो आला की खाली बसा.

उभे राहूया सगळे. इक्बालभाई, पंखा बंद करा.

सुलभाताई, लावा.