गोमर पॅरी यांनी ठोसा मारलाच नाही, याबाबत

जबाब देणार: श्रीमती ओल्वेन इथेल प्रॉथरो, वय ७३, धंदा घरकाम, पूर्वी खाणीच्या कँटीनमध्ये, शिक्षण तिसरीपर्यंत, राहणार चॅपल रो, पेंट्रेग्लास, साउथ वेल्स. तारीख १४ मार्च १९७४.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे यजमान इथेल, वय ७६, यांच्यासह राहते. यजमान खाणीतून निवृत्त आहेत. छातीत कोळशाची धूळ बसली आहे. ऑक्टोबरपासून ते खुर्चीतून उठत नव्हते. दाढीसुद्धा मीच करीत असे. नवा साबण त्यांना आवडला नव्हता, पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

अटकेत असलेले गोमर पॅरी, वय ७४, हे यजमानांचे साठ वर्षांचे मित्र. मी त्यांना भावजी म्हणते. देहानं दाराएवढे. दोघेही तरुणपणी गावच्या क्लबात बॉक्सिंग करीत. त्या क्लबाच्या दारावर यंदा एकच फोटो लागणार आहे, गावातल्या आजवरच्या सगळ्यात थोर बॉक्सरचा. यजमान म्हणतात, शोनी बेव्हन. तो सगळ्यात हलक्या वजनगटाचा, माझ्या लग्नातला केक त्याच्याहून जड असेल. भावजी म्हणतात, कॅरडॉग रीस, सगळ्यात जड गटाचा.

भावजी दर गुरुवारी येऊन हाच विषय काढतात. जानेवारीत पहिल्यांदा म्हणाले, "तुझ्या शोनीला आमचा कॅरडॉग पावाला लावून खाईल."

यजमान म्हणाले, "आधी हाताला तर लागू दे! शोनीनं दीडपट वजनाची माणसं आडवी केली. तुझ्या कॅरडॉगनं आपल्या दीडपट कोणाला पाडलं, सांग!"

"तेवढा माणूस देवानं केलाच नाही, त्याला कॅरडॉग काय करणार?"

मग एकानं म्हणायचं, दोघं एकाच वजनाचे धरू. दुसऱ्यानं म्हणायचं, शोनीला फुगवला तर तो शोनी उरेल का? मला विचाराल तर घार थोर की बैल, असं हे भांडण. पण त्या दिवशी यजमानांनी दोन वाडगी सूप मागून घेतलं, तेवढं लिहून घ्या.

आज दुपारी तीन वाजता मी वेल्श केक घेऊन क्लबात गेले. यजमान स्वतःच्या पायांनी चढ चढून गेले होते. वाद एकदाचा मिटवायला दोघे रिंगमध्ये उतरले होते. वजनाची बरोबरी व्हावी म्हणून भावजींनी उजवा हात माझ्या मफलरनं पाठीशी बांधून घेतला होता. यजमान म्हणाले, "हां, आता बघ शोनीचा डावा!" त्यांनी डावा हात फिरवला. तो लागला नाही. त्याच झोकात ते गरकन फिरले आणि कोपऱ्यातल्या खांबावर नाक आपटून पडले. भावजींचं बोटही त्यांना लागलेलं नाही. हे मी चष्मा लावून पाहिलं आहे.

समोरचा पडला की लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, दहा आकडे मोजून होईपर्यंत हलायचं नाही, असा खेळाचा नियम आहे. भावजी जाऊन उभे राहिले. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून ताट खाली ठेवून मीच मोजू लागले. तेवढ्यात आवाज ऐकून आपले कॉन्स्टेबल आत आले. एक म्हातारा रक्तबंबाळ आणि दुसरा लांब उभा, हूं नाही की चूं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, भावजी गप्प. कोपऱ्यात बोलत नाहीत. यजमान नवाला उठले.

"कोणी मारलं, आजोबा?" असं विचारल्यावर यजमान म्हणाले, "यानंच. एकच ठोसा, पण काय ठोसा!" स्वतःच्या झोकानं पडलो, असं बॉक्सर माणूस मरेपर्यंत सांगत नाही. बेड्या घालायला उजवा हात सापडेना, तेव्हा कॉन्स्टेबलनीच मफलर सोडला. भावजी मला जाताना हळूच म्हणाले, "राहू द्या वहिनी. मीच मारलं म्हणा."

मी तसं म्हणणार नाही. भावजींविरुद्ध माझी तक्रार नाही, त्यांना सोडावं. आज मला फार आनंद झाला आहे, असंही लिहा. साहेब म्हणतात, जबाबात आनंद लिहीत नाहीत. बरं.

पुन्हा विचारल्यावरून सांगते की, शोनीच थोर, हे भावजींचंही पहिल्यापासूनचं मत आहे. जानेवारीत दारातच मला म्हणाले होते, "वहिनी, मी उलटं बोलणार. चिडला तर उठेल." हे यजमानांना कळता कामा नये. ते बाहेर बाकावर बसले आहेत आणि त्यांचे कान तिखट आहेत.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. शेवटचा परिच्छेद माझ्या विनंतीवरून दार लावून, हळू आवाजात वाचण्यात आला.

सही: ओल्वेन प्रॉथरो