वकीलसाहेबांना सांगायचं राहिलेलं नाव

माई, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

या शोकसभेच्या अध्यक्षांनी मला ‘वकीलसाहेबांच्या एक पक्षकार’ म्हणून बोलावलं. त्यांनी नाव विचारलं होतं. मीच म्हटलं, नाव मी शेवटी सांगेन. त्यांना वाटलं असेल, बाई चमत्कारिक दिसतेय. वाटू दे. मी शाळेत पोरींसमोर दिवसभर बोलते, पण अशा सभेत कधी बोलले नाही. सांभाळून घ्या.

इथे सगळे वकीलसाहेबांच्या मोठमोठ्या मुकदम्यांबद्दल बोलले. माझा मुकदमा लहानसा. माझ्या नवऱ्यानं मी घरात असताना दुसरी बायको आणली. मी माहेरी, भावाकडे आले. बरीच वर्षं तशीच गेली, ना इकडची ना तिकडची. मग घटस्फोटाचा कायदा झाला आणि भाऊ म्हणाला, चल, वकील पाहू.

वकील पाहणं म्हणजे काय, ते मला विचारा! एकानं सगळं भावालाच विचारलं. मी समोर बसलेली, आणि हा विचारतोय, “बाईंचं म्हणणं काय आहे?” दुसरे म्हणाले, “बिटिया, घर मत तोड़ो, थोड़ा निभा लो.” अहो, घर होतं कुठे तोडायला? मी घरी येऊन भावाला म्हटलं, आता बस. मला नाही जायचं कुठे.

मग आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तुकोगंजातल्या या घराचा पत्ता दिला.

वकीलसाहेबांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल तर ऐका. भावानं बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “तुम्ही बाहेर ओसरीवर बसा. मंडळी चहा देतील.” भाऊ बिचारा एकदम हैरान! मग माझ्याकडे वळले. “पक्षकार तू आहेस. तू विचार. वेडगळ प्रश्न आधी विचार, शहाणे मागून.”

मंडळी, तोवर मला कुणी ‘विचार’ म्हटलंच नव्हतं.

मी विचारलं, कोर्टात नवऱ्यासमोर उभं राहावं लागेल का? म्हणाले, “लागेल. पण मी मध्ये उभा असेन.” माझे दागिने मिळतील का? “माहेरचे मागू. भांडून मागू.” शेजारपाजारचे साक्षीला येऊन काहीबाही बोलतील का? “बोलतील. त्यानं कायदा हलत नाही. त्यानं दुसरी आणली, ती नांदतेय, एवढं सिद्ध झालं की पुरे.” मग मी हळूच विचारलं, कुंकू लावता येईल? ते हसले नाहीत. म्हणाले, “कायद्यात कुंकवाचं कलम नाही, बाळ. हवं तर लाव, नको तर नको.”

आणि मग मी तो प्रश्न विचारला. म्हटलं, निकाल लागल्यावर माझं नाव काय?

आपल्यात लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरची मी गोदू. त्या ताटातून उठले ती सुशीला होऊन. आता ते तांदूळ कोण परत करणार?

वकीलसाहेब उठून दारापाशी गेले. मग आत हाक मारली, “अगं, जरा इकडे ये. हिचा प्रश्न मला येत नाही.”

माई, रागावू नका, मी सांगतेय. माई आल्या आणि म्हणाल्या, “मी या घरात आले तेव्हा नव्या नावानं हाक मारली तरी वळायचीच नाही. सासूबाई म्हणायच्या, मुलगी बहिरी दिली.” वकीलसाहेब खूप हसले. मग विचारलं, “माहेरी काय म्हणत गं तुला?” माई म्हणाल्या, “विसरलात? मथू.”

मी निघाले, माई दारात उभ्या, मी चपला घालत होते, तर आतून आवाज आला, “मथू, पाणी दे गं.” आणि मंडळी, माई वळल्याच नाहीत! सवयच राहिली नव्हती. हसताय ना माई? हसा.

मला ते म्हणाले, “अर्जात सुशीलाच लिहावं लागेल, लग्न त्या नावानं झालंय. पुढचं कायदा सांगत नाही. तू ठरव.”

निकाल माझ्या बाजूनं लागला. त्या दिवशी चपराशानं पुकारा केला, “सुशीलाबाई हाजिर हो!” बाहेर पायरीवर वकीलसाहेब म्हणाले, “हा पुकारा संपला. आता मी तुला काय म्हणू?” मला सुशीला नको होती. पण परकर नेसून झाडावर चढणारी गोदू तरी कुठून आणू? म्हणाले, “घाई नाही. ठरलं की येऊन सांग.”

मी दिवसचे दिवस विचार करत राहिले. मग आठवलं, आजीनं ठेवलेलं माझं पूर्ण नाव तर कुणी वापरलंच नव्हतं. माहेरी लाडानं मोडलं, सासरी बदललं. ते तसंच कोरं पडून होतं. ठरलं माझं! सकाळीच सांगायला निघाले. चांगली साडी नेसले होते. तुकोगंजच्या वळणावर आले, तर या घरासमोर माणसं उभी होती. वकीलसाहेब गेले होते.

मला फार वाईट वाटतं, मंडळी. एवढंच ऐकायचं होतं त्यांना, आणि मला फक्त त्यांनाच सांगायचं होतं.

माई, आज तुमच्यासमोर सांगते. तुम्ही ऐकलंत म्हणजे त्यांनी ऐकलं.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. ते असेच गप्प बसून समोरच्याचं ऐकायचे.

वकीलसाहेब, गोदावरीचा नमस्कार.